एडमंटन ऑइलर्सचे आकडे: रकाना कोणता, ते आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एडमंटनला नुकतेच राहायला आलेले, क्रिकेटच्या आकडेवारीत मुरलेले एक वाचक ऑइलर्स या एनएचएलमधल्या (उत्तर अमेरिकेतली मुख्य आइस हॉकी लीग) संघाचा सगळा इतिहास एका तक्त्यात मांडायला बसले आहेत. १९८३-८४च्या ओळीत त्यांना ५७-१८-५ (विजय, पराभव आणि एक तिसरा आकडा) दिसतं आणि २०२३-२४च्या ओळीत ४९-२७-६. दोन्हीकडचा तिसरा आकडा एकाच रकान्यात टाकायचा का? १९८३-८४च्या ४४६ गोलांचा विक्रम चाळीस वर्षं टिकला तो संघ भारी होता म्हणून, की तेव्हा गोल स्वस्त होते म्हणून? १९८८च्या प्लेऑफमध्ये (नियमित हंगामानंतरच्या बाद फेरीत) १६ विजय, २ पराभव, मग सामने १९ कसे? आणि शेवटी, ऑइलर्सचा आजचा खेळाडू कॉनर मॅकडेव्हिड ऐंशीच्या दशकातल्या वेन ग्रेट्स्कीला गाठेल का?

मी पेशाने आकडेवारीच्या नोंदी तपासायचं काम करतो आणि हिवाळ्यात इथल्या मुलांच्या लीगमध्ये स्कोअरशीट भरायला बसतो. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी तिसरा आकडा. १९८३-८४चे ५ म्हणजे बरोबरीत सुटलेले सामने. विजयाला २ पॉइंट, बरोबरीला १, पराभवाला शून्य. ५७ दुणे ११४ आणि ५, झाले ११९. त्याच हंगामात नियमित सामन्यांत पाच मिनिटांचा ओव्हरटाइम परत आला होता, पण ओव्हरटाइममध्ये गोल खाल्ला तर पदरात काहीच पडत नसे. १९९९-२०००पासून ओव्हरटाइममध्ये हरणाऱ्यालाही १ पॉइंट मिळू लागला. तेव्हापासून काही वर्षं प्रत्येक ओळीत चार आकडे दिसतात: विजय, पराभव, बरोबरी, ओव्हरटाइममधला पराभव. २००४-०५चा अख्खा हंगाम मालक-खेळाडू वादात बुडाला. २००५-०६ला लीग परत सुरू झाली ती शूटआउट (बरोबरी फोडायला गोलरक्षकासमोर एकेका खेळाडूचे फटके) घेऊनच, आणि बरोबरी कायमची गेली. म्हणजे २०२३-२४चे ६ हे चक्क पराभव आहेत, फक्त पॉइंट देणारे. बरोबरी आणि हे पराभव एकाच रकान्यात कोंबलेत तर पुढचं सगळं गणित नासेल.

याचा परिणाम पॉइंटांच्या बेरजेवर होतो. पूर्वी प्रत्येक सामन्यातून दोनच पॉइंट वाटले जायचे, आता काही सामन्यांतून तीन वाटले जातात. त्यामुळे जुन्या आणि नव्या हंगामांची बेरीज शेजारी ठेवून काही कळत नाही. सगळ्यात ठळक उदाहरण ऑइलर्सच्या बाहेरचं आहे. माँट्रिअलने १९७६-७७ला ८० सामन्यांत १३२ पॉइंट मिळवले, बोस्टनने २०२२-२३ला ८२ सामन्यांत १३५. विक्रम बोस्टनच्या नावावर गेला. पण शक्य असलेल्या पॉइंटांपैकी किती मिळवले ते बघा: माँट्रिअल ८२.५ टक्के, बोस्टन ८२.३. ऑइलर्सचं म्हणाल तर १९८३-८४ आणि १९८५-८६ या दोन्ही हंगामांत ११९ पॉइंट म्हणजे ७४.४ टक्के आहेत, आणि २०२२-२३चे १०९ म्हणजे साडेसहासष्ट. शिवाय या १०९मधले ९ हरून मिळालेले. मी तक्ता करतो तेव्हा विजय, पराभव, बरोबरी, ओव्हरटाइमचा पराभव असे चार रकाने शेवटपर्यंत वेगळे ठेवतो. जिथे रकाना लागूच नाही तिथे शून्य न भरता जागा रिकामी सोडतो. शून्य म्हणजे ‘झालं नाही’ आणि रिकामी जागा म्हणजे ‘होऊच शकत नव्हतं’. सरासरी काढताना हा फरक पुढे फार छळतो.

सामन्यांची संख्याही बघत जा. १९७९-८०ला ऑइलर्स एनएचएलमध्ये आले तेव्हा हंगाम ८० सामन्यांचा होता. १९९२-९३ आणि १९९३-९४ला तो ८४चा झाला, पुढच्या वर्षी ४८चा, आणि १९९५-९६पासून ८२चा. २०१२-१३ पुन्हा ४८. करोनामुळे २०१९-२०मध्ये ऑइलर्सचे ७१ सामने झाले आणि २०२०-२१मध्ये ५६. त्या ५६ सामन्यांत मॅकडेव्हिडने १०५ पॉइंट केले. (खेळाडूचे पॉइंट म्हणजे गोल अधिक असिस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या गोलाला लावलेला हातभार; संघाच्या पॉइंटांशी त्यांचा संबंध नाही.) ८२ सामन्यांच्या हिशोबाने ते १५३च्या पुढे जातात, आणि दोनच वर्षांनी पूर्ण हंगामात त्याने खरोखर १५३ केले. तरी २०२०-२१च्या ओळीसमोर शेरा हवाच. सीमा बंद असल्यामुळे त्या वर्षी कॅनडाचे सात संघ नियमित हंगामात आपापसांतच खेळत होते.

आता ४४६.

ऐंशी सामन्यांत ४४६ म्हणजे सामन्याला साधारण ५.६ गोल. ऑइलर्सनी १९८१-८२पासून सलग पाच हंगाम चारशेचा टप्पा ओलांडला: ४१७, ४२४, ४४६, ४०१, ४२६. दुसऱ्या कुठल्याही संघाला तो एकदाही जमलेला नाही. बोस्टन १९७०-७१ला ३९९वर थांबलं, कॅलगरी १९८७-८८ला ३९७वर. गोल तेव्हा स्वस्त होते हे खरंच आहे. १९८३-८४मध्ये लीगमधला सरासरी संघ सामन्याला ३.९च्या वर गोल करत होता, म्हणजे दोन्ही बाजू धरून जवळजवळ आठ. गोलरक्षकांचे पॅड आजच्या मानाने लहान होते, आणि गुडघे टेकून खालची बाजू बंद करायची पद्धत अजून सर्वत्र रुळली नव्हती.

म्हणून मी भागाकार करून बघतो. संघाची सरासरी भागिले त्याच हंगामाची लीगची सरासरी. ऑइलर्स १९८३-८४चं उत्तर येतं १.४१. म्हणजे गोलांचा सुकाळ होता हे मान्य केलं तरी ते इतरांपेक्षा ४० टक्के जास्त गोल करत होते. ‘तेव्हा काय, कुणीही गोल मारायचं’ म्हणणाऱ्यांना एवढं पुरे. २०२२-२३च्या ऑइलर्सनी सव्वातीनशे गोल करून त्या हंगामात लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला, त्यांचं उत्तर १.२५च्या आसपास येतं. पण हाच भागाकार बोस्टनच्या ३९९ला लावला तर? ७८ सामने, लीगची सरासरी ३.१च्या आसपास, उत्तर १.६च्या वर. माझ्या मते गोल करण्यात सर्वांत वरचढ हंगाम बोस्टनचा तो आहे, ऑइलर्सचा नाही. एडमंटनमध्ये हे मोठ्याने बोलू नका. आणि बोस्टनलाही सूट देऊ नका, कारण १९६७ला लीग सहाची बारा संघांची झाली होती आणि १९७०ला चौदाची. समोर कच्चे संघ भरपूर होते.

४४६च्या ओळीत अजून बरंच काही दडलंय. त्यातले ३६ गोल पेनल्टीमुळे आपला खेळाडू कमी असताना केलेले आहेत, तोही विक्रमच. एकट्या ग्रेट्स्कीचे त्यात १२. तिघांनी पन्नाशी गाठली: ग्रेट्स्की ८७, ग्लेन अँडरसन ५४, यारी कुरी ५२. त्याच हंगामात हाच संघ हार्टफर्डकडून ०-११ने हरला, हेही त्याच कागदावर आहे. आणि पहिला स्टॅनली कप (लीगचं विजेतेपद) जिंकला त्या अंतिम मालिकेचा पहिला सामना, न्यूयॉर्क आयलंडर्सच्या घरी, त्यांनी किती गोल करून जिंकला? एक. १-०. तो गोल केव्हिन मॅक्लेलंडचा, चौथ्या फळीतला माणूस. आदल्या वर्षी याच आयलंडर्सनी त्यांना चार सामन्यांत मिळून सहा गोलांवर रोखून घरी पाठवलं होतं. हंगामाची बेरीज आणि प्लेऑफची बेरीज कधीच एकत्र करू नका, ते दोन वेगळे खेळ आहेत असं समजून चाला.

नियमही बदलले, आणि त्यातला एक तर या संघाकडे बोट दाखवून बदलला असं इथे सगळे मानतात. दोन्ही बाजूंचा एकेक खेळाडू एकाच वेळी पेनल्टीत बसला की चारास चार खेळ व्हायचा आणि मोकळ्या बर्फावर ऑइलर्स धुमाकूळ घालायचे. १९८५च्या उन्हाळ्यात लीगने ठरवलं की अशा वेळी बदली खेळाडू उतरवून पाचास पाचच खेळायचं. (१९९२ला हा बदल मागे घेतला.) नियम लागू झाल्यावरच्या पहिल्याच हंगामात, १९८५-८६मध्ये, ग्रेट्स्कीने २१५ पॉइंट केले. आजवरचा उच्चांक.

त्या २१५मध्ये ५२ गोल आणि १६३ असिस्ट. त्या वर्षी पॉइंटांच्या यादीत दुसरा आलेल्या मारिओ लेम्यूचे एकूण पॉइंट १४१. म्हणजे ग्रेट्स्कीने एकही गोल केला नसता तरी तोच पहिला आला असता. मला स्वतःला याहून बोलका आकडा वाटतो तो वाट्याचा. संघाचे ४२६ गोल, त्यांतल्या २१५मध्ये त्याचा हात, म्हणजे निम्म्याहून थोडे जास्त. ८७ गोलांच्या १९८३-८४मध्ये हाच वाटा ४६ टक्के होता. आणि मॅकडेव्हिडच्या १५३च्या हंगामात? ४७ टक्क्यांच्या आसपास. दोघांच्या बेरजांमध्ये पन्नास-साठ पॉइंटांची दरी दिसते, वाट्यात ती जवळजवळ नाहीशी होते. ग्रेट्स्की की मॅकडेव्हिड यावर कुणी हुज्जत घालायला आलं की मी हा रकाना पुढे करतो.

असिस्टबद्दल जरा थांबतो, कारण क्रिकेटवाल्यांचा सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. गोलाआधी पक (चेंडूऐवजी वापरतात ती रबरी चकती) ज्या शेवटच्या दोन सहकाऱ्यांच्या काठीवरून आला त्या दोघांना प्रत्येकी एक असिस्ट मिळतो. मधे प्रतिस्पर्ध्याने पक ताब्यात घेतला असेल तर साखळी तुटते. दुसऱ्या असिस्टची किंमत पहिल्याएवढीच, आणि गोलाएवढीच. डिसेंबर १९८५मध्ये ऑइलर्सनी शिकागोला १२-९ असं हरवलं. एका सामन्यात एकूण २१ गोल, १९२०च्या विक्रमाशी बरोबरी. त्यात ग्रेट्स्कीचे गोल शून्य, असिस्ट सात.

ही नोंद होते कशी ते आमच्या टेबलावरून सांगतो. मुलांच्या लीगमध्ये गोल झाला की रेफ्री काचेतल्या फटीशी येतो आणि तीन नंबर सांगतो: गोल अमुक, असिस्ट तमुक आणि तमुक. मी वेळ आणि नंबर लिहितो. गर्दीत हेल्मेटवाल्या पोरांच्या पाठीवरचा ८ आणि ६ एकसारखा दिसतो, आणि सामना संपला की प्रशिक्षक हटकून येतो, ‘तो दुसरा असिस्ट आमच्या सतराचा होता.’ रेफ्रीने सही करण्याआधी मान्य केलं तर खोडून दुरुस्ती होते. एनएचएलमध्ये हे काम अधिकृत स्कोअररचं असतं, चित्रफीत बघून दुरुस्ती करता येते, आणि असिस्ट एकाच्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात जातो. त्यामुळे सामना संपताक्षणी उतरवलेला तक्ता अंतिम समजू नका. सकाळी पुन्हा बघा. अजून एक बारकावा: एनएचएलच्या अहवालात गोलाची वेळ सरलेली असते आणि फलकावर उरलेली. वीस मिनिटांच्या दुसऱ्या सत्रात १६:३७ लिहिलं असेल तर मैदानातल्या घड्याळावर तेव्हा ३:२३ होते.

हे १६:३७ मी उगाच घेतलेलं नाही. तुमच्या १९ सामन्यांचं कोडं तिथेच सुटतं. २४ मे १९८८, बोस्टन गार्डन, अंतिम मालिकेचा चौथा सामना. ऑइलर्स मालिकेत ३-०ने पुढे. दुसऱ्या सत्रात १६:३७ला क्रेग सिम्पसनने गोल करून ३-३ अशी बरोबरी साधली आणि जरा वेळात सगळ्या इमारतीची वीज गेली. जुनाट इमारत, दिवे काही पूर्ववत होईनात. सामना सोडून द्यावा लागला. दोन दिवसांनी एडमंटनमध्ये पुढचा सामना झाला, ऑइलर्स ६-३ने जिंकले आणि कप त्यांचा झाला. अर्धवट सामन्याचा निकाल कुणाच्याच खात्यात नाही, पण त्यात झालेले गोल, असिस्ट आणि खेळाडूंची हजेरी मात्र नोंदीत कायम ठेवली. म्हणून संघाचा हिशोब १६ विजय, २ पराभव, आणि ग्रेट्स्कीसमोर १९ सामन्यांत ४३ पॉइंट, गोलरक्षक ग्रँट फ्यूरसमोरही १९ सामने. तक्त्यात ही चूक नाही. तुमचा ताळा इथे जुळणार नाही आणि जुळवायचाही नाही, शेजारी तळटीप टाका.

एरवी मात्र ताळा जुळलाच पाहिजे. १९८३-८४चे गोलरक्षक घ्या. फ्यूर ३०-१०-४, अँडी मोग २७-८-१. बेरीज करा: ५७-१८-५. संघाची ओळ तंतोतंत मिळाली. गोलांचंही तसंच: सगळ्या खेळाडूंचे गोल मिळवले की संघाचे गोल यायला हवेत, मात्र हंगामाच्या मध्यात विकले-घेतलेले खेळाडू फक्त ऑइलर्सकडच्या काळापुरते धरा. २००५-०६नंतर एक खाच आहे. शूटआउट जिंकला की गुणतालिकेत संघाला एक गोल वाढवून मिळतो, पण तो कुठल्याच खेळाडूच्या खात्यात जात नाही. म्हणजे फरक नेमका शूटआउटच्या विजयांएवढा निघाला तर काळजी नको. त्याहून वेगळा निघाला तर शोधायला बसा.

पॉवर प्लेचा (समोरचा खेळाडू पेनल्टीत बसल्यामुळे आपला एक जास्त असतानाचा खेळ) विक्रम तुम्ही विचारला नाहीत, पण तो या संघाच्या आजच्या पिढीचा सगळ्यात मोठा आहे असं मी म्हणेन. २०२२-२३ला ऑइलर्सनी २७५ संधींत ८९ गोल केले, म्हणजे ३२.४ टक्के. आधीचा उच्चांक माँट्रिअलचा, १९७७-७८चा ३१.९. ही टक्केवारी अधिकृतपणे ठेवायला सुरुवातच त्या वर्षी झाली, त्याआधीच्या संघांची तुलना करायच्या भानगडीत पडू नका. संख्येने पाहिलं तर १९८८-८९च्या पिट्सबर्गचे ११९ पॉवर प्ले गोल खूप पुढे आहेत, पण तेव्हा शिट्ट्या जास्त वाजायच्या आणि संधीही कितीतरी जास्त मिळायच्या. त्या ८९पैकी ३२ लिऑन ड्रायसाइटलचे. टिम करच्या १९८५-८६च्या ३४च्या विक्रमाशी बरोबरी करायला दोन कमी पडले.

हिट (अंगाने दिलेली धडक), गिव्हअवे (स्वतःच्या चुकीने पक गमावणं), अडवलेले फटके हे रकाने १९९७-९८नंतरचे आहेत आणि ते यजमान रिंकवरची माणसं मोजतात. एका शहरात साधा धक्काही हिट धरतात, दुसऱ्या शहरात नाही. संघांची तुलना करायला मी ते वापरत नाही. प्लस-मायनसही (खेळाडू बर्फावर असताना संघाने केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांचा फरक) जपूनच: पॉवर प्लेवर केलेला गोल त्यात धरत नाहीत, खेळाडू कमी असताना केलेला धरतात, आणि गोलरक्षक काढून जाळी रिकामी ठेवली असताना खाल्लेल्या गोलाचा वजा सगळ्यांच्या डोक्यावर बसतो.

एक मर्यादा आधीच ठरवून टाका. ऑइलर्स १९७२ ते १९७९ वर्ल्ड हॉकी असोसिएशन या प्रतिस्पर्धी लीगमध्ये होते आणि एनएचएल त्या नोंदी मोजत नाही. ग्रेट्स्कीने १९७८-७९ला तिथे ११० पॉइंट केले होते (त्यातले सुरुवातीचे आठ सामने इंडियानापोलिसकडून). ते त्याच्या कारकिर्दीच्या २,८५७मध्ये नाहीत. तरी त्या अनुभवामुळेच पुढच्या वर्षी त्याला नवोदितांच्या पुरस्कारासाठी अपात्र ठरवलं. म्हणजे मोजायचंही नाही आणि धरायचंही! त्याच १९७९-८०मध्ये त्याचे आणि मार्सेल डिऑनचे १३७-१३७ पॉइंट झाले, पण डिऑनचे गोल ५३ आणि याचे ५१, म्हणून सर्वाधिक पॉइंटांची ट्रॉफी डिऑनला गेली.

आता मॅकडेव्हिड. ग्रेट्स्कीचे फक्त ऑइलर्ससाठीचे आकडे असे: ६९६ सामने, ५८३ गोल, १,०८६ असिस्ट, १,६६९ पॉइंट. ऑगस्ट १९८८ला त्याला लॉस एंजेलिसला दिलं तेव्हा ही पाटी बंद झाली. २०२४-२५ संपला तेव्हा मॅकडेव्हिड ७१२ सामन्यांत १,०८२वर होता. ५८७ बाकी. ऑक्टोबर २०२५मध्ये त्याने करार फक्त दोन वर्षांनी वाढवला, तो २०२७-२८पर्यंत जातो. तीन हंगामांत ५८७ म्हणजे वर्षाला १९६, तेही एकही सामना न चुकवता. तेव्हा या कराराच्या मुदतीत नाही. त्यानंतर तो एडमंटनमध्येच राहिला तर बोलू.

माझी नजर पॉइंटांपेक्षा गोलांच्या रकान्यावर आहे. ऑइलर्ससाठी सर्वाधिक गोलांत ग्रेट्स्कीच्या ५८३मागे कुरीचे ४७४ आहेत, आणि त्यामागे अँडरसनचे ४१७. ड्रायसाइटल २०२४-२५च्या अखेरीस ३९९वर होता, त्या हंगामात त्याने ५२ मारले, आणि त्याचा करार २०३२-३३पर्यंतचा आहे. १८४ गोल, आठ हंगाम. वर्षाला २३ पुरतात.